वाघबारशीचं दूध

अभिमानाने सांगावं असं माझ्या हातून आयुष्यात फार काही घडलेलं नाही. जे एक घडलं त्याची सुरुवात लबाडीने झाली, म्हणून ते मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. तुकड्यातुकड्याने सांगितलं. बायकोला शिपाई कुत्र्याबद्दल, मुलांना डोंगरावरच्या तळ्याबद्दल, कंपनीतल्या मित्रांना बिबट्याबद्दल. दूध कसं सांडलं, हे मात्र त्या गावाबाहेर कुणालाच नाही. आता गुडघे कुरकुरायला लागले आहेत आणि त्या डोंगरावर पुन्हा जाणं होईल असं वाटत नाही, तेव्हा ते लिहून ठेवतो.

आमचं घर सातपूरला, कामगारांच्या वसाहतीत. दोन खोल्या, सामाईक नळ, आणि दिवसातून तीन वेळा कंपनीचा भोंगा. वडील लेथवर काम करत. दिवाळीची सुट्टी लागली की आई मला घोटीच्या एसटीत बसवून द्यायची. घोटीला गाडी बदलायची, आणि दुसरी एसटी जिथे संपते तिथून तासभर चालायचं, की मामाचं गाव. शाळेत मी सांगायचो की माझ्या मामाचं घोटीला तांदळाचं दुकान आहे. मामा डोंगराच्या पायथ्याशी कुडाच्या घरात राहतो, माझी आई त्याच घरात जन्मली, हे सांगायची मला लाज वाटे. ही लाज मला कुणी शिकवली नव्हती. मी ती आपण होऊन शिकलो, आणि त्यात मी चांगला हुशार निघालो.

मामाचं नाव हिरामण. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं. एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला गाय, मध्ये फक्त एक आडवा बांबू. रात्री गाईचा रवंथ ऐकत झोप लागायची आणि पहाटे मामीच्या उखळाच्या आवाजाने जाग यायची. भाताची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू असायची, त्यामुळे घरभर नव्या पेंढ्याचा वास असे, तो कपड्यांना लागून सातपूरपर्यंत येई. जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि उडदाची आमटी. पहिल्या दिवशी मी भाकरीकडे बघून नाक मुरडायचो आणि तिसऱ्या दिवशी तिसरी भाकरी मागायचो. मामी ती ताटात टाकताना म्हणायची, "उतरली वाटतं सातपूरची हवा."

शिपाई हा मामाचा कुत्रा. पिवळट अंगाचा, उजवा कान अर्धा. पिल्लू असल्यापासून तो दारात मधोमध बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे जंगलखात्याच्या कचेरीतल्या शिपायासारखा संशयाने बघायचा, म्हणून हे नाव. आदल्या वर्षी पावसाळ्यात बिबट्याने मामाच्या गाईवर झडप घातली तेव्हा शिपाई मध्ये पडला होता. गाय गेली, आणि याचा अर्धा कान. त्यानंतर मामाने सासुरवाडीहून एक कालवड आणली, तिचं नाव चांदी. मी सांगतो आहे त्या दिवाळीच्या थोडं आधी ती पहिल्यांदा व्याली होती.

त्या भागात दिवाळी वाघबारशीने सुरू होते. शहरात त्या दिवशी गाय-वासराची पूजा करतात, मामाच्या गावात वाघाची. गावावरच्या डोंगरात एक पठार आहे आणि पठारावर तळं. तळ्याच्या काठी वाघदेव, म्हणजे शेंदूर फासलेली लाकडाची उभी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले. वाघबारशीला प्रत्येक घरचं त्या दिवसाचं दूध वर जायचं. ते एकाच हंड्यात ओतून त्यात नव्या तांदळाची खीर शिजायची. ओतताना गावचा भगत त्या घराचं नाव मोठ्याने घ्यायचा, आणि ज्या घराचं नाव घेतलं त्याच्या गुरांना वर्षभर वाघ शिवत नाही, अशी सगळ्यांची खात्री. दूध घरच्याच माणसाने न्यायचं, शेजाऱ्याच्या हाती धाडायचं नाही. त्यात पाण्याचा थेंब नको. आणि कुत्रं बरोबर न्यायचं नाही. वाघाच्या घरी कुत्रं घेऊन जात नाहीत, एवढंच त्याचं कारण मला मामाने सांगितलं होतं.

आदल्या वर्षी मामाकडे दूधच नव्हतं, त्यामुळे त्याच्या घराचं नाव घेतलं गेलं नाही. मामी सांगायची की त्या दिवशी मामा अंगणात बसून नुसता डोंगराकडे बघत होता, आणि जेवला नाही. म्हणून यंदाची वाघबारस त्याच्यासाठी मोठी होती. नेमकं आदल्या दिवशी भात सोंगताना विळा त्याच्या पायात घुसला. मामीने हळद दाबून फडकं बांधलं, पण पाऊल टेकवेना. बायका त्या दिवशी वर जात नसत, आणि मामाला नुसत्या मुलीच. मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "भाचा बी घरचाच." मी सोळा वर्षांचा होतो. लगेच हो म्हणालो. रात्री मात्र झोप लागली नाही. दोन-अडीच तासांची चढण, रानातून, एकट्याने. माझ्या डोळ्यांसमोरून शिपाईचा अर्धा कान जाईना.

सकाळी चांदी पान्हा सोडेना. वासराला दोनदा लावलं तेव्हा कुठे दूध उतरलं. तोवर बाकीच्या घरची माणसं पुढे निघून गेली होती. मामाने किटलीच्या तोंडावर पळसाचं पान ठेवून वर झाकण दाबलं आणि सांगितलं, "वाट सरळ हाय. मधल्या झऱ्यापाशी दोन वाटा फुटत्यात, उजवी धर. किटली खाली ठेवू नको." शिपाईला कालपासूनच घरामागच्या खांबाला बांधलेलं होतं. मी मागच्या बाजूने निघालो, मामी आत गेल्याचं पाहिलं, आणि त्याची गाठ सोडली. पठाराच्या अलीकडे कुठेतरी त्याला बांधून ठेवू, कुणाला कळणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्या सकाळइतका मी नंतर कधी सुखाने चाललो नाही, हेही कबूल करायला हवं. उतारावर खुरासणीची पिवळी फुलं दाटली होती. गवतावर इतकं दव की माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. शिपाई वीसेक पावलं पुढे जायचा, वळून बघायचा, मी आलो की पुन्हा पुढे. कारवीच्या जाळीतून काही सळसळलं की तो थांबून नाक वर करायचा आणि मी त्याच्या नाकाकडे बघायचो. तो चालू लागला की मीही. मधल्या झऱ्यापाशी धुकं इतकं उतरलं होतं की वाटच दिसेना, पण तो न थांबता उजवीकडे वळला आणि मी त्याच्या मागे. माझी भीती गेली. भीती गेली आणि अंगात मस्ती आली.

झऱ्याच्या वर एक मोठा उतरता कातळ आहे. तिथे पोहोचलो तेव्हा धुकं फाटलं होतं आणि खाली सगळं गाव दिसत होतं, मामाच्या घराचा धूरसुद्धा. मी किटली कातळावर ठेवली आणि दरीत दगड भिरकावू लागलो, कुठला किती वेळाने वाजतो ते ऐकत. चौथ्या की पाचव्या दगडाला मागे सरलो, आणि माझीच टाच किटलीला लागली. ती आडवी झाली, झाकण उडालं, मी झेप घेतली तोवर अर्ध्याहून जास्त दूध कातळावरून वाहून गेलं होतं. शिपाई तेव्हा बराच वर, वाटेवर, माझी वाट बघत बसला होता. आवाज ऐकून तो खाली आला आणि दगडाच्या खोबणीत साचलेलं दूध चाटू लागला. मी त्याला हाकललं नाही. मी किटली घेऊन झऱ्यापर्यंत खाली गेलो, ती पाण्याने गळ्यापर्यंत भरली, आणि पान आणि झाकण होतं तसं लावलं. पान वाकडं बसलं होतं, ते काढून पुन्हा नीट बसवलंसुद्धा. त्याचंच आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पठाराच्या कडेखाली मी शिपाईला माझ्या रुमालाने एका झुडपाला बांधलं आणि वर गेलो. तळं मी पहिल्यांदा पाहत होतो. चारी बाजूंनी कडे, मध्ये आभाळासारखं स्वच्छ पाणी, काठावर चूल पेटलेली. वीसेक पुरुष होते. सावळा भगत हंड्यापाशी बसला होता. म्हातारा, किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने माझी किटली उघडली, बोट बुडवलं आणि एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. चांगलं दूध नखावर मण्यासारखं उभं राहतं, पाणी असलं की पसरून ओघळतं. हे मला माहीत नव्हतं. माझा थेंब ओघळला. त्याने नख धोतराला पुसून दुसरा घेतला. तोही ओघळला.

सगळे पुढे सरकून त्या नखाकडे बघू लागले. मग काळूनाना नावाचा एक थट्टेखोर गृहस्थ चिलीम बाजूला ठेवत म्हणाला, "हिरामणकडं गेल्या साली दूध नव्हतं, औंदा पाणी हाय." सगळे हसले. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण ते मामाला हसले. आणि त्याच वेळी रुमाल तोडून शिपाई वर आला, शेपटी हलवत सरळ माझ्यापाशी. त्याच्या मिशांना दूध वाळून चिकटलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं आणि मीही पाहिलं. भगताने विचारलं, याला कुणी आणलं. मी सांगितलं, आपोआप मागे आला. वाटेत त्यानेच किटली पाडली, दुधाला तोंड लावलं, म्हणून मला पाणी घालावं लागलं. एका दमात बोललो. कुठेही अडखळलो नाही.

भगताने किटलीतलं सगळं दूध लांब नेऊन एका झाडाच्या मुळाशी ओतलं. परत येऊन तो शांतपणे म्हणाला, "देवाच्या दुधाला तोंड लावलेलं कुत्रं देवाचं. ते हितंच राहील. तू घरी जा." दोनतीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, पूर्वी असं एकदा झाल्याचं कुणीतरी सांगितलं. इथंच राहील म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही आणि बोलायची गरजही नव्हती. पाण्यावर संध्याकाळी बिबटे येत, त्यांच्या पावलांचे ठसे काठच्या चिखलात दिसतच होते. एकाने माझ्याकडे दोर फेकला. "तूच बांध, तुझं ऐकतंय." मी दोर उलगडला तेव्हा शिपाईने आपण होऊन मान पुढे केली.

मी त्याला बांधलं आणि रिकामी किटली घेऊन उतरू लागलो. तो भुंकला नाही. कातळापाशी आलो तर दुधाच्या वाळलेल्या ओघळावर मुंग्यांची रांग लागली होती. मी ती ओलांडून पुढे गेलो. मुलांना तळ्याबद्दल सांगताना मी नेहमी म्हणतो की कातळापासूनच मी परत फिरलो. ते खरं नाही. मी पार मधल्या झऱ्यापर्यंत उतरलो, तोंड धुतलं, ओंजळीने पाणी प्यालो. घरी काय सांगायचं ते मनात जुळवून झालं होतं. निघायला उठलो, आणि दोन वाटा फुटतात तिथे उभा राहिलो. का थांबलो ते आधी माझ्याही लक्षात आलं नाही. शिपाई पुढे होईल आणि मग मी निघेन, म्हणून मी थांबलो होतो.

पुन्हा वर पोहोचलो तेव्हा माझा ऊर फुटायचा बाकी होता. दूध उकळत होतं, तांदूळ धुऊन ठेवले होते. मी भगतासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गाठ सोडल्याचं, दगड भिरकावल्याचं, टाच लागल्याचं, झऱ्यावर किटली भरल्याचं. सांगताना शिपाईकडे बघण्याची हिंमत झाली नाही. 

भगताने लाकूड चुलीत सारलं. "हे मगाशी सांगितलं असतंस तर म्या काय केलं असतं?"

"माहीत नाही, बाबा."

"मला बी नाय माहीत," तो म्हणाला. मग पळीने हंडा ढवळत राहिला. ढवळता ढवळता म्हणाला, "खीर उतरायच्या आत हिरामणच्या घरचं दूध आण. वाटीभर चालंल, पण त्याच गाईचं. कुत्रं तंवर बांधलेलंच राहील. एकटा जा."

मी उतरलो नाही, घरंगळत आलो म्हणा. मामा अंगणात दुखरा पाय बाजेवर ठेवून बसला होता. वाटेत त्याला सांगायची शंभर वाक्यं सुचली होती, ती सगळी सोडून दिली. जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. मामी दारात येऊन उभी राहिली होती, तिने पदर तोंडाला लावला. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शिपाई उन्हात हाय का सावलीत?"

"सावलीत."

"मग बस जरा, पाणी पी."

भर दुपारी गाय दूध देत नाही. सकाळी वासरासाठी एक सड तेवढा राखलेला होता. मामा काठीच्या आधाराने गोठ्याच्या अंगाला गेला, दुखरा पाय पुढे लांब करून जमिनीवरच बसला आणि मामीने वासरू लावलं. चांदीने पान्हा सोडताच मामीने वासराला ओढून धरलं. ते हंबरत राहिलं आणि मामा त्याच्या वाट्याचं दूध काढत राहिला. त्याच्या पायाच्या फडक्यावर लाल डाग पसरत होता, तिकडे त्याने पाहिलं नाही. तांब्या अर्धा झाला. तो माझ्या हातात देताना त्याने काहीही बजावलं नाही.

ती तिसरी चढण मी एकट्याने चढलो. सकाळी ज्याची भीती होती ते सगळं जिथल्या तिथे होतं. जाळी सळसळत होती, ओढ्यात काहीतरी धडपडत होतं, आणि नाक वर करून सांगणारं कुणी पुढे नव्हतं. तांब्या मी एकदाही खाली ठेवला नाही. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत होतो, शेवटी दोन्ही हातांनी छातीशी धरला. पायांत गोळे आले होते. कातळावर बसावंसं वाटलं, बसलो नाही. आमच्या वसाहतीत मी धावण्याच्या शर्यतीत कधी पहिल्या पाचातही आलो नव्हतो, पण त्या दिवशी माझ्यापुढे कुणी गेलं असतं असं मला आजही वाटत नाही.

हंडा अजून चुलीवर होता. तांदूळ शिजले होते आणि भगत पळी हातात घेऊन नुसता बसून होता. खीर केव्हाच झाली होती, तरी त्याने जाळ ओढून ती उतरवायचं लांबवलं होतं, हे मला काळूनानाने नंतर सांगितलं. भगताने थेंब नखावर घेतला. थेंब उभा राहिला. त्याने अंगठा काळूनानापुढे धरला, मग उठला, तांब्या दोन्ही हातांत घेऊन दूध हंड्यात ओतलं आणि तळ्याकडे तोंड करून ओरडला, "हिरामणचं घर!" समोरच्या कड्यावरून ते नाव परत आलं. पुढे आयुष्यात मला बढती मिळाली, मुलगा इंजिनिअर झाला, मुलीने स्वतःचा दवाखाना काढला. आनंद झाला. पण त्या हाकेने छाती जशी भरून आली तशी पुन्हा कधी आली नाही.

मी दोर सोडला. शिपाईने माझं तोंड चाटलं आणि लगेच पठाराच्या कडेला जाऊन उभा राहिला, चला आता, अशा थाटात. काळूनानाने पळसाच्या पानावर खीर घातली आणि ते पान देवापासून चांगलं लांब नेऊन ठेवलं. "वाघाच्या घरी येऊन जेवून चाललंय," तो म्हणाला, "आमच्या आज्याला बी हे जमलं नव्हतं." माझ्या वाटची खीर मी खाली नेली, मामासाठी.

त्या सुट्टीनंतर शाळेत कुणी विचारलं तर मामाचं गाव कुठे ते मी खरं सांगू लागलो. दोघेतिघे हसले. मी त्यांना तळ्याचं वर्णन करून सांगितलं तेव्हा पुढच्या दिवाळीला आम्हालाही ने म्हणून तेच मागे लागले. पण हे नंतरचं.

आम्ही उतरलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता. मामा गावाबाहेरच्या बांधावर काठी घेऊन बसला होता. एवढा रस्ता तो त्या पायाने कसा आला, मामीने त्याला कसं येऊ दिलं, कुणास ठाऊक. शिपाई धावत जाऊन त्याच्या अंगावर पडला. मी खिरीचं पान पुढे केलं आणि सांगितलं, नाव घेतलं. मामाने मान हलवली. त्याने ती हाक खालीसुद्धा ऐकली होती, असं तो पुढे मरेपर्यंत म्हणत राहिला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, तेवढ्या उंचीवरून खाली आवाज येणं शक्य नसलं तरी.

मी त्याला खांदा दिला आणि आम्ही हळूहळू घराकडे निघालो, शिपाई वीसेक पावलं पुढे. पहिल्या घरांपाशी मामा दम घ्यायला थांबला. मग त्याने विचारलं, "सकाळी पाणी कुठलं घातलं होतंस?"

"मधल्या झऱ्याचं."

"मधल्या व्हय," मामा म्हणाला. "चांगलं हाय त्याचं पाणी."

बहुधा तो हसला. अंधारून आलं होतं, मला नीट दिसलं नाही.